अर्धा किलो कडता

कोंडिबा मापाडी कधी खोटं बोलायचा नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याचा शब्द म्हणजे वजन. काट्यावर गोणी आली की तो डोळे बारीक करायचा आणि चार गाळे पलीकडे ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. काट्यावर दिसेल तोच आकडा तो पुकारायचा नाही. गोणीचं स्वतःचंही वजन असतं, धरा अर्धा किलो. कांदा घेणाऱ्याला गोणी नको असते, कांदा हवा असतो. म्हणून तेवढं वजन आधी वजा करायचं. या वजाबाकीला बाजारात कडता म्हणतात. कोंडिबाने जन्मभर इतका कडता कापला होता, की आता त्याचं डोकं या कामात लागतच नसे. जीभच परस्पर कापून मोकळी व्हायची.

एवढं समजलं की पुढची सगळी गंमत समजली.

त्याच मार्केटात हौसेराव माथाडी होता. पाटणकडचा माणूस. पाठीवर गोणी घेताना गुडघे किंचित वाकवून म्हणायचा, "येऊ दे!" त्याची लेक राजेश्वरी, म्हणजे राजी, शिरवण्याच्या चाळीत वाढली आणि नेरूळच्या व्यायामशाळेत वामन सरांकडे वजन उचलायला शिकली. ती चोपन्न किलोच्या गटात खेळायची. या गटात खेळायचं तर स्वतःचं वजन चोपन्नच्या आत हवं. वर एक ग्रामसुद्धा चालत नाही.

आता व्यायामशाळेतला काटा असा, की डावा पाय आधी ठेवला तर बावन्न दाखवायचा आणि उजवा ठेवला तर छप्पन्न. सर म्हणाले, "बाजारातला काटा खरा. रोज तिथे वजन करत जा."

मग रोज संध्याकाळी राजी कांद्याच्या काट्यावर उभी राहायची. काट्याची तबकडी कोंडिबाच्या बाजूला असायची, राजीला दिसायची नाही. तो पुकारायचा, "चोपन्नाला शंभर कमी!" आणि हमाल म्हणायचे, "वा रे वा, एक नंबर माल!" राजी त्यांना कांदा फेकून मारायची.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात मुलींची राष्ट्रीय स्पर्धा वाशीतच आली. प्रत्येक राज्याचा संघ आला. प्रत्येक गटातली एकच मुलगी, पहिली आलेली, भारताच्या संघात जाणार होती. गेल्या वर्षी राजी दुसरी आली होती. पहिली आली कर्नाटकाची कस्तुरी हुक्केरी. वर्षभर राजीने स्वप्नात कस्तुरीला जितक्या वेळा हरवलं, तितक्या वेळा ती जेवलीसुद्धा नसेल.

स्पर्धेच्या सकाळी मुलींची वजनं झाली. आत पंच बाई होत्या. बाहेर वामन सर, हौसेराव आणि इस्त्रीची टोपी घातलेला कोंडिबा उभे होते. राजी बाहेर आली ती पांढरीफटक.

"सर, चारशे ग्राम जास्त."

"कुठे?"

"माझ्यात!"

"असं कसं होईल? काल कोंडिबा काय म्हणाला?"

"चोपन्नाला शंभर कमी."

तिघांनी कोंडिबाकडे पाहिलं. कोंडिबाने आपल्याच जिभेकडे पाहण्याचा प्रयत्न केला. त्याची टोपी हळूहळू मागे सरकली.

"पोरी," तो म्हणाला, "मी तुझा कडता कापला गं."

"आरं, माझी लेक काय कांदा हाय?" हौसेराव ओरडला.

"सवय हो! उभी राहिली की कापला!"

"किती दिवस कापतोयस?"

"पहिल्यापासनं!"

वामन सर खाली बसले. मग लगेच उठले, कारण बसायला वेळ नव्हता. वजनाची खोली तासभर उघडी असते. त्या वेळात कितीही वेळा परत येऊन काट्यावर उभं राहता येतं. पण तास संपला आणि वजन उतरलं नसलं, तर घरी जायचं.

तेवढ्यात खोलीतून कस्तुरी बाहेर आली. तिचे सर तिच्यावर कानडीतून असे बरसत होते, की भाषा न कळताही सगळं कळत होतं. तिचंही वजन जास्त भरलं होतं, तीनशे ग्राम.

हौसेरावाला तशातही बरं वाटलं. तो कोंडिबाला म्हणाला, "ही बघ ती कर्नाटकाची. दंड बघ की एकेक. कोबीचा गड्डाच!"

कस्तुरी थांबली. "कोबी न्हवं ओ काका, नवलकोल म्हणा. आमच्या बेळगावात त्येच चांगलं मिळतंय."

हौसेरावाने टोपी काढून परत घातली. "तुला मराठी येतं?"

"येतंय की. कोपरखैरण्यात मावशी हाय माझी. तिनंच तर आमरस घालून घालून घात केला ओ."

घाम काढण्याशिवाय उपाय नव्हता. मे महिना होता, पण नुसत्या उन्हाचं काम नव्हतं हे. अचानक हौसेरावाने मांडीवर थाप मारली. "अढी!"

फळ मार्केट नुकतंच वाशीला आलं होतं. तिथे एका गाळ्यामागच्या बंद खोलीत हापूस पिकायला घातला होता, खाली पेंढा, वर पेंढा; हीच अढी. कच्चा आंबा पिकताना उष्णता सोडतो. अशा खोलीत माणूस पाच मिनिटं उभा राहिला तरी सदरा पिळून काढावा लागतो. हॉलपासून टेम्पोने जवळच होतं.

राजी टेम्पोत चढली आणि वळून कस्तुरीला म्हणाली, "चल, तू पण."

"अगं, ती तुझी..." सर म्हणाले.

"ती खेळलीच नाही तर मी हरवू कोणाला?"

सर बाजूला सरकले. कस्तुरी चढली. कोंडिबाने मार्केटातून काटा घेतला, वर दोन रिकाम्या गोण्या घेतल्या. "अंगाला गुंडाळा," तो म्हणाला, "घाम लवकर सुटंल."

त्या खोलीत काय वास होता! दोघी उपाशी, पाण्याचा थेंब नाही, आणि चारी बाजूंनी हापूस. गोण्या गुंडाळून त्या पेंढ्यावर बैठका मारायला लागल्या, म्हणजे दोन कांद्याची पोतीच खाली-वर होत होती. बाहेरून हौसेराव फटीतून बघून हसून हसून भिंतीला टेकला.

"एक चाटू काय गं?" कस्तुरीने विचारलं.

"चाटलास तर पन्नास ग्राम."

"नुसता वास घेते."

"घे. वासाला वजन नसतं."

"असतंय बाई. मावशीकडं मी वासानंच वाढले."

राजीला हसू आलं. हसल्यावर घाम जास्त येतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती मुद्दाम हसायला लागली. मग तिला खरोखरच थांबता येईना.

"गेल्या वर्षी तू मला हरवलंस तेव्हा मी तुला काय काय शिव्या दिल्या माहितेय?" ती धापा टाकत म्हणाली.

"मराठीत दिल्यास ना? ऐकल्या की मी सगळ्या."

दोघी पेंढ्यात लोळल्या.

मग कोंडिबाने काटा मांडला. आईची शपथ घेतली. "आज कडता न्हाई. काटा दावील तेच बोलणार."

"मला गुदमरायलंय," म्हणत कस्तुरीने गोणी फेकली आणि काट्यावर उभी राहिली.

"चोपन्नाला पन्नास कमी!"

कस्तुरी नाचतच उतरली. मग राजी चढली, गोणी तशीच गुंडाळलेली. कोंडिबाने डोळे बारीक केले. शपथ आठवली. काटा नीट वाचला.

"चोपन्नाला... चारशे जास्त."

"काय?" राजी किंचाळली. "सकाळी होतं तेवढंच? इतका घाम गेला कुठे मग?"

"काटा बोलतोय, मी न्हाई."

परत आत! आता कस्तुरी आंब्याच्या रिकाम्या पेटीवर ताल धरून बसली आणि राजी त्या तालावर उड्या मारू लागली. पेंढा उडाला, गोणीची टोकं उडाली, तिच्या डोळ्यांपुढे आंबे गरगरायला लागले. दोनदा काट्यावर चढली, दोनदा परत आत गेली. शेवटी कोंडिबा ओरडला, "चोपन्न! पुरं चोपन्न!" आणि सगळे टेम्पोत कोंबले गेले.

वजनाची खोली बंद व्हायच्या आत दोघी पोचल्या. कस्तुरी भरली त्रेपन्न किलो नऊशे पन्नास. राजी बाहेर आली ती भेलकांडत.

"सर, साडेत्रेपन्न."

"बसलं! शाब्बास!" मग सर थांबले. "साडेत्रेपन्न? एवढं कशाला उतरवलंस? कोंडिबा, चोपन्न म्हणालास ना?"

कोंडिबा राजीच्या खांद्याकडे बघत होता. खोलीबाहेर येताच तिने गोणी पुन्हा शालीसारखी पांघरली होती. कोंडिबाचा चेहरा पडला.

"आज कापायला पायजे होता," तो हळूच म्हणाला.

हौसेरावाने कपाळावर हात मारला. कस्तुरी भिंतीला धरून हसली. सरांना मात्र हसू येईना. "अर्धा किलो फुकट घालवलंस. पायातलं बळ जातं अशाने. बरोबरी झाली तर हलकी मुलगी जिंकते, एवढाच काय तो उपयोग. पण बरोबरी काय रोज होते? खा आता, पाणी पी!"

स्पर्धेला अवकाश होता. हौसेरावाने येताना आंबे आणलेच होते. दोघींनी इतके आंबे खाल्ले, की शेवटी कोणाच्या कोयी कोणाच्या, हेही कळेना.

वजन दोन तऱ्हांनी उचलायचं असतं. आधी स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. मग जर्क, म्हणजे आधी खांद्यावर आणि तिथून डोक्यावर. प्रत्येकाला तीन संधी. दोन्हींतलं आपलं सगळ्यात मोठं वजन घ्यायचं आणि बेरीज करायची. स्नॅचमध्ये कस्तुरीने पंचाहत्तर उचलले. राजीने साडेबाहत्तर उचलले, पण पंचाहत्तरला तिचे पाय कापसासारखे झाले आणि बार मागे पडला. अढीतल्या घामाची किंमत अडीच किलो झाली. कोंडिबाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

जर्कमध्ये कस्तुरीने शेवटच्या संधीला पंच्याण्णव उचलले, बार खाली टाकला आणि राजीकडे बघून जीभ दाखवली. एकूण एकशे सत्तर. राजीची एक संधी उरली होती.

तिने सरांना विचारलं, "सर, शंभर?"

शंभर तिने कधीच उचलले नव्हते. शंभर म्हणजे अख्खा क्विंटल. हौसेरावाच्या पाठीवरची गोणीसुद्धा त्याहून हलकी असायची.

सर बोटं मोजत होते. साडेबाहत्तर आणि साडेसत्त्याण्णव. त्यांनी परत मोजलं. मग ते इतक्या जोरात हसले, की शेजारच्या संघाचे प्रशिक्षक दचकले.

"शंभर नको. साडेसत्त्याण्णव."

"ती तर बरोबरी झाली!"

"आणि अर्धा किलो हलकी कोण आहे, बये?"

राजीच्या डोळ्यांसमोर एकदम गोणी आली, कोंडिबाचे बारीक केलेले डोळे आले, चोपन्नाला चारशे जास्त आलं. तिला हसू फुटलं. सर पंचांच्या टेबलाकडे धावले. हौसेराव बाकावर उभा राहून कोंडिबाला हलवत होता, "आरं, क्विंटलाला कडता कापला! अडीच किलो कडता!"

साडेसत्त्याण्णव तिने सरावात एकदाच उचलले होते, तेही हसत नसताना. आता तिचं नाव पुकारलं गेलं, एक मिनिटाचं घड्याळ सुरू झालं, आणि तिचं हसू थांबेना. हाताला खडू लावला, हसू. बारजवळ गेली, हसू. पडद्याआडून कस्तुरीचाही फिस्स असा आवाज आला. हसताना पोटात बळ राहत नाही, हे सरांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. घड्याळ अर्ध्यावर आलं. सरांचा चेहरा आंबट झाला.

मग हॉलच्या मागच्या बाकांवरून आवाज आला. बाजारात पाठ वाकवताना यायचा तोच.

"येऊ दे!"

हसू जिथल्या तिथे थांबलं. राजीने गुडघे किंचित वाकवले, बार धरला आणि स्वतःशीच म्हणाली, "येऊ दे."

बार वर आला. खांद्यावर बसला. ती खाली बसलेली, आणि उठेचना. कापूस परत पायात शिरत होता. कोंडिबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. ती तसूतसूने उठली. उभी राहिली. एक श्वास घेतला आणि झटक्यात बार डोक्यावर. एक पाय पुढे, एक मागे, मग दोन्ही एका रेषेत. हात ताठ.

तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, उचल मान्य!

हौसेरावाने कोंडिबाला गोणीसारखा खांद्यावर घेतला. राजी भारताच्या संघात गेली. पडद्यामागे कस्तुरी दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती आणि जो येईल त्याला सांगत होती, "मी पोतं काढलंच कशाला ओ!" मग ती उठली, राजीच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बेळगावास्नं माझी गोणी मीच घिऊन येते. दोन आणते."

संध्याकाळी सगळं कांदा-बटाटा मार्केट काट्याभोवती जमलं. हमालांनी राजीला उचलूनच काट्यावर ठेवलं. गळ्यात सोन्याच्या रंगाचं मेडल, पोटात न मोजलेले हापूस. शेजारी कस्तुरी पेटीवर बसून अजून एक चोखत होती.

"पुकार की, कोंडिबा!" सगळे ओरडले. "किती भरली?"

कोंडिबाने डोळे बारीक केले. काटा बघितला, राजीकडे बघितलं, परत काटा बघितला. शेवटी त्याने हात जोडले.

"आधी एक सांगा," तो म्हणाला. "मेडल धरून सांगू, का मेडलाचा कडता कापून?"