बारा मीटरवरची रेघ

दुपारी दोनच्या आत हिमनदीवर झेंडा रोवायचा होता. बर्फाच्या पोटात कुठेतरी पाणी साठलं होतं; फुटलं तर थेट खालच्या वस्तीवर येणार. ते बाहेर काढायला ड्रिलवाले तयार होते, पण त्यांच्याकडे इंधन एकाच भोकापुरतं. भोक कुठे पाडायचं, ते ताईच्या रडारने सांगायचं.

आणि रडार सांगत होतं! स्क्रीनवर बारा मीटर खोलीला सकाळपासून एकसारखी झगझगीत रेघ. मोहिमेच्या प्रमुख सरांनी वायरलेसवर 'पाणी बारा मीटरवर' असं कळवूनही टाकलं होतं.

"आता कसली वाट बघतेस? रोव झेंडा कुठेही!"

"सर, आपण उंचवट्यावर सहा मीटर चढलो. पाणी सपाट असतं. रेघ अठरावर जायला हवी होती, ती बारावरच आहे. आपण जाऊ तिथे मागे मागे येतेय."

"तुझ्या प्रेमात पडली असेल," धाकटा भाऊ स्नो-स्कूटरवरून ओरडला. पुढे त्याची स्कूटर, मागे दोरीला बांधलेली रडारची घसरगाडी, तिच्यामागे ताई.

ताईची नजर दोरीवर खिळली. "ही किती लांब रे?"

"बावीस मीटर. तूच मोजून दिलीस की."

तिने वहीत भराभर आकडे मांडले. रडारची लहर बर्फातल्यापेक्षा हवेत जवळजवळ पावणेदोन पट वेगाने धावते. म्हणजे हवेतले बावीस मीटर यंत्राला बर्फातले बारा वाटणार.

"अरे गाढवा, ही रेघ म्हणजे तू आहेस!"

"मी?"

"तुझी स्कूटर! एवढं लोखंडाचं धूड. लहर तिच्यावर आपटून परत येतेय. उतर, हातानेच ओढायचं."

स्कूटर दूर सोडून भावाने दोरी खांद्यावर घेतली. सरांनीही घेतली.

"मेकॅनिक म्हणून आणलंस आणि बैल केलंस, ताई."

"बोलू नकोस, ओढ!"

रेघ गायब झाली. त्या झगमगाटाखाली दडलेली दुसरी, फिकट रेघ हळूहळू वर आली. उंचवट्यावर चौतीस मीटर. उतरून आल्यावर अठ्ठावीस.

"फरक सहा! बरोब्बर सहा!" ताईचा आवाज फाटला. "याला म्हणतात पाणी!"

दोनला दहा कमी असताना झेंडा रोवला गेला. सरांनी वायरलेस उचलला. "बारा नाही. अठ्ठावीस. चूक माझी."

गरम पाण्याचा पाइप बर्फ वितळवत खाली निघाला. ड्रिलवाला खोली मोठ्याने सांगत होता. बारा मीटर गेले, कोरडा बर्फ. वीस. पंचवीस. अठ्ठावीसला काहीच नाही. सरांनी ताईकडे पाहिलं, ताईने पायांकडे.

"टाकी संपत आली," ड्रिलवाला म्हणाला.

"चालू ठेवा, काका. अर्धा मीटर इकडे-तिकडे होणारच," ताई म्हणाली.

पाइपला हिसका बसला. भोकातून गुरगुरत गढूळ पाणी उसळलं आणि ताईला गुडघ्यांपर्यंत भिजवून गेलं. भाऊ नाचायलाच लागला, ड्रिलवाले पंपाकडे धावले.

"बाजूला हो पोरी, गारठशील!" काका ओरडले.

ती हलली नाही. पाणी अजून येतच होतं.