रिठ्याने धुतलेलं ब्रेसलेट

काळी पडलेली चांदी दिसली की घासायची, हे रेखाच्या हातांना कुणी सांगावं लागत नसे. दसरा चार दिवसांवर आला होता. ओट्यावरच्या वाडग्यात पाण्यात बुडवलेलं काळंकुट्ट ब्रेसलेट दिसलं, आणि देवाच्या निरांजनाबरोबर तिने तेही रिठ्याच्या पाण्यात घातलं. जुन्या टूथब्रशने असं लख्ख केलं की बघत राहावं.

कुमार डेंटिस्टकडून आला, रिकामा वाडगा पाहिला आणि शेजारचं चकचकीत ब्रेसलेट उचललं.

"रेखा, तू हे क्लीन केलंस? अगं, क्लबचा पहिला रूलच तो! जमिनीतून निघालेली चांदी घासायची नाही. तो काळा थर म्हणजे जुनं असल्याचं प्रूफ असतं, प्रूफ!"

रिटायर झाल्यापासून तीन वर्षं कुमार मेटल डिटेक्टर घेऊन पिस्कॅटवेच्या आसपासची शेतं, मालकांची परवानगी काढून, पालथी घालत होता. आजवर निघाले ते खिळे आणि सोड्याच्या कॅनचे टॅब. रेखाने त्याला भंगारवाला म्हणून चिडवून घेतलं होतं. आणि गेल्या शनिवारी हे निघालं. चांदीची सहा जुनी डाइम, म्हणजे दहा सेंटची अमेरिकन नाणी, कड्यांनी एकमेकांत गुंफलेली. प्रत्येक नाण्याची एक बाजू घासून सपाट केलेली, तिच्यावर कुणाकुणाच्या नावांची वळणदार अक्षरं. दुसऱ्या बाजूला साल तसंच ठेवलेलं. सगळ्यांत अलीकडचं नाणं १८८४चं, म्हणजे ब्रेसलेट घडलं ते त्यानंतरच. मंगळवारी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात सगळ्यांसमोर तो ते मांडणार होता. जन्मात पहिल्यांदा त्याला खरी चांदी सापडली आणि बायकोने तिची वाट लावली.

रेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला आपण हसणं वेगळं आणि चारचौघांत त्याचं हसं होणं वेगळं. मंगळवारी संध्याकाळी ती त्याच्या आधीच गाडीत जाऊन बसली.

लायब्ररीच्या हॉलमध्ये वीसेक मंडळी जमली होती. वॉल्टर नावाचे म्हातारबुवा क्लबचे जाणकार. त्यांनी होकार दिला तरच वस्तूची क्लबच्या वहीत नोंद व्हायची. त्यांनी भिंगातून नाणी पाहिली आणि मान हलवली.

"कुमार, हे फारच चकचकीत आहे. अशा नकला हल्ली ढिगाने मिळतात, आणि साल तर नकलेवरही उठतं. दोन-चार वर्षांपूर्वी कुणाच्या हातातून शेतात पडलं असेल."

मागे कुणीतरी खाकरलं. कुमारचे कान लाल झाले. "मीच घासलं," तो म्हणाला, "माझी चूक."

रेखाने त्याच्याकडे पाहिलं. बायकोवर ढकलून मोकळा झाला असता, तर तिला काही म्हणता आलं नसतं. तो खोटं बोलला तिच्यासाठी, आणि तेही तीन वर्षांच्या पायपिटीवर पाणी सोडून! ती उठली.

"मी घासलं. ते भिंग द्या जरा इकडे."

तिने नाण्यांकडे पाहिलंच नाही. ब्रेसलेट उलटं केलं आणि एकेका कडीवरून नख फिरवलं.

"नाणी राहू द्या, कड्या बघा," ती वॉल्टरना म्हणाली. "प्रत्येक कडीचा सांधा वेगळा आलाय. हे हाताचं काम. आणि जिथे कडीला कडी घासते, तिथे चांदी निम्मी झिजलीय. ब्रशने एका दुपारी असं होत नाही. रोज हातात घातलं तर त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतात. शिवाय ही मनगटाखालची दोन नाणी बघा, बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहेत. रोज कुठल्यातरी टेबलावर हात टेकून काम करायची ही बाई. कष्टाची होती."

"तुम्हाला हे कसं कळतं?" वॉल्टरनी विचारलं.

गेली चाळीस वर्षं, डॉक्टर-इंजिनियरांच्या बायकांत, रेखा "कोल्हापूरची" एवढंच सांगून विषय बदलत आली होती. पुढचं सांगायची तिला लाज वाटायची. आज वाटली नाही.

"माझं गाव हुपरी. तिथे घरोघरी चांदी घडते. माझी आई दारात बसून पैंजणांच्या कड्या जोडायची. आठव्या वर्षापासून मीही जोडल्या, शाळेतून आल्यावर, बोटं भाजेपर्यंत."

वॉल्टरनी भिंग परत घेतलं. या वेळी कड्यांवर धरलं, आणि बराच वेळ धरलं. एका कडीवरून स्वतःचंही नख फिरवून पाहिलं.

"नकली वस्तू कुणी वीस वर्षं हातात घालत नाही," ते शेवटी म्हणाले. "१८८४नंतर घडलं, १९००च्या पुढेही वापरात होतं. नोंद करा. आणि बाई, पुढच्या वेळी कृपा करून घासू नका."

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने कुमार हसला. त्याने वस्तूबरोबर ठेवायचं कार्ड ओढलं. शोधणारा, त्यापुढे स्वतःचं नाव. ओळखणारा, त्यापुढे रेखाचं. आणि गावाच्या जागी ठळक अक्षरांत हुपरी.

"अहो, कोल्हापूर लिहा ना. हुपरी इथे कोणाला कळणार?"

"नाही कळलं तर विचारतील. तू सांग."

पहिले विचारायला आले ते वॉल्टरच. रेखाने त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.