सौनात टाकलेली रायफल

छप्पन्न वर्षांची बाई. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, बर्फ काढायची गाडी चालवते, शाळेत होते तेव्हापासून हरणं मारते, आणि स्वतःची म्हणावी अशी एक रायफल नाही. ऐकायलाच कसं वाटतं! पण खरं होतं. मी कायम बाबांची रायफल वापरली. बाबा गेले आणि ती माझ्या धाकट्या भावाने, रेनोने, नेली. "बाबा शेवटी हॉस्पिटलात म्हणाले," असं त्याने सांगितलं, "रायफल रेनोला, आणि झोपडीतला बिडाचा तवा हेल्मीला."

तवा! नेम धरायला बाबांनी शिकवलं ते मला. रेनोची गोळी समोरच्या गोदामालासुद्धा लागायची नाही. आणि मला काय, तर शिकारीच्या झोपडीत आठ पुरुषांना पॅनकेक भाजून घालायचा तवा. बाबांच्या लेखी माझी किंमत एवढीच होती का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून चार वर्षं हलला नाही. गेलेल्या माणसाला जाब तरी कसा विचारणार? म्हणून मी रेनोशी बोलणं टाकलं. हिवाळ्यात बर्फ काढताना त्याचं घर आलं की गाडीचं पातं जरासं वळवायची. कमरेएवढा ढीग बरोब्बर त्याच्या फाटकात.

त्या नोव्हेंबरात मी ठरवलं, बस झालं. पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते, त्या सकाळी मी जंगलात जाणार, आणि माझ्या स्वतःच्या रायफलीने जाणार.

नवी कोरी मला परवडणारी नव्हती. पण ट्रुडेलच्या दुकानात, रंगाचे डबे आणि माशांची आमिषं यांच्या मध्ये, एक लाकडी खोकं येऊन पडलं होतं. जुन्या रशियन सैन्याच्या रायफली. ऐंशी डॉलरला एक. माझे बर्फातले बूट त्याहून महाग आहेत.

"रशियन आहे हां, हेल्मी," ट्रुडेल म्हणाला. "तुझी आजी फिनलंडची ना, रशियाशी लढलेल्या देशातली? थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. येताना थोड्या गोळ्या घेऊन ये म्हणावं."

काउंटरवर तीन-चार रायफली वरवर पुसून, उघड्या करून ठेवल्या होत्या. मागची सरकती दांडी, जिला बोल्ट म्हणतात, ती प्रत्येकीची काढून बाजूला ओळीने ठेवलेली. "सकाळी एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला दाखवत होतो," तो म्हणाला. मी एकेक नळी उचलून ट्यूबलाइटकडे धरली. बोल्ट काढला की नळीतून आरपार दिसतं. आत गोल वळत गेलेल्या रेघा. दोन नळ्या काळवंडलेल्या होत्या. तिसरी मात्र अशी चकाकली की मी पुन्हा पाहिली, पुन्हा पाहिली.

"हीच," मी म्हटलं.

तिच्या लाकडी दस्त्यावर बोटाएवढं एक ठिगळ होतं, वेगळ्या रंगाच्या लाकडाचं. कुणीतरी इतकं बेमालूम बसवलं होतं की नखाला लागत नव्हतं. कोण असेल तो? कारखान्यातला म्हातारा सुतार? रायफल कुणाच्या हातातून पडली असेल, की कुणी तिच्यासकट पडलं असेल? मला उगाचच त्या अनोळखी माणसाचा चेहरा पाहावासा वाटला. ट्रुडेलने एक बोल्ट उचलून सरकवला, कागद झाले, त्याने सरकारी तपासणीला फोन लावला, मंजुरी आली, आणि मी रायफलीची मालकीण झाले. गाडीत बसल्यावर एकटीच हसले, अगदी वेड्यासारखी.

घरी आणल्यावर कळलं की निम्मी रायफल आहे आणि निम्मं ग्रीस. गोदामात गंजू नये म्हणून ते फासतात. तपकिरी, मधासारखं घट्ट, आणि वास असा की मांजर खिडकीतून पळालं. कापडाने पुसलं तर पसरतंच. हे वितळवायचं कसं? तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. शनिवार होता. अंगणातला सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची आमची लाकडी खोली, दर शनिवारसारखा तापलेलाच होता.

हसू नका. आम्हा फिनिश लोकांकडे मूल जन्मलं तरी सौना, कंबर धरली तरी सौना. मग रायफलीने काय घोडं मारलंय? वरच्या बाकावर, जिथे बाबा बसायचे तिथे, तिला आडवी टाकली. खाली काहीतरी ठेवायला हवं होतं. गॅरेजमध्ये बाबांचा तवा पडला होता, चार वर्षांत हात न लावलेला. म्हटलं, चला, एकदा तरी उपयोग होऊ दे याचा. ग्रीस टपटप तव्यात पडायला लागलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग एकेक भाग पुसत बसले. ग्रीसखालून अक्षरं वर यायला लागली, तारा, बाण, कारखान्याची खूण. शेवटी नळीवरचा नंबर. आणि बोल्टवरचा नंबर. मी चष्मा पुसला. दोन्ही नंबर वेगळे.

ट्रुडेलला फोन केला. त्याने फोन बाजूला ठेवून उरलेल्या रायफली तपासल्या.

"देवा रे. माझीच चूक. काढून ठेवलेले बोल्ट अदलाबदल झाले बघ. या रायफलींत जिचा बोल्ट तिलाच नीट बसतो. तशीच उडवू नकोस हां, तोंडावर फुटायची."

"मग माझा कुठाय?"

"सकाळच्या गिऱ्हाइकाकडे असणार. बाकीच्यांचे तपासले, बरोबर आहेत. ती रायफल तुझ्या भावाने नेली."

"कुठल्या भावाने?"

"तुला किती भाऊ आहेत, हेल्मी?"

मी फोन ठेवला. भिंतीवर बाबांची रायफल असताना रेनोला ऐंशी डॉलरचं हे धूड कशाला हवं? विकली की काय बाबांची? विकली असेल तर मी त्याला त्याच्याच सौनात कोंडणार होते. शिकारीला दोन दिवस राहिले होते. त्याचं तोंड पाहायचं नव्हतं, पण माझा बोल्ट त्याच्याकडे होता, आणि कुतूहल तर घरात बसू देईना. रायफल गाडीत टाकली, बोल्ट टॉवेलात गुंडाळला आणि निघाले.

त्याच्या अंगणात पाय ठेवला आणि तोच वास. सौनाच्या दारातून रेनो बाहेर आला, कोपरापर्यंत तपकिरी.

"तूही सौनात टाकलीस?" मी विचारलं. चार वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि ते हे.

"मग काय ओव्हनमध्ये टाकू?" तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या टॉवेलातून डोकावणाऱ्या बोल्टकडे बघून, "म्हणजे माझा बोल्ट तुझ्याकडे होय!"

स्वयंपाकघरात त्याने कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. टेबलावर बाबांची रायफल होती, स्वच्छ पुसलेली, तेल दिलेली.

"विकतोयस?"

"नाही."

"मग ते धूड कशाला आणलंस?"

तो पाव कापतच राहिला. आम्हा दोघांना पुरून उरेल एवढा कापला.

"झोपडीवरच्या काका लोकांना दाखवायला," तो म्हणाला. "जंगलात रिकाम्या हाताने गेलो तर विचारतील. ही बाबांची तुला आणून द्यायची होती. तीनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि परत फिरलो."

"मला का?"

"कारण तुझीच आहे. बाबा उलट म्हणाले होते, हेल्मी. रायफल हेल्मीला, तवा रेनोला. त्यांना ठाऊक होतं, मला गोळीचा आवाजसुद्धा सहन होत नाही. झोपडीत मला चुलीपाशीच बरं वाटायचं. पण पोरगा तवा घेऊन आला म्हटल्यावर सगळ्यांनी मला जिवंत सोडलं असतं का? म्हणून मी फिरवून सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कप त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. "चार वर्षं!" मी ओरडले. "चार वर्षं मी बाबांशी भांडतेय, मेल्या! त्यांच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही!"

"माहितेय," तो म्हणाला. "मी तुझ्या नावाने ठेवायचो."

मग मला रडू आलं ते आवरेना. रेनोही रडला. डोळे पुसायला गेला आणि गालभर ग्रीस.

बऱ्याच वेळाने गाडीतून माझी रायफल आणून आम्ही बोल्ट बदलले. माझा माझ्यात खट्‌कन बसला. मी बाबांची रायफल उचलली, दस्ता गालाला लावला, आणि त्यांच्या तंबाखूचा वास अजून होता.

"दारात बर्फाचा ढीग मुद्दाम घालतेस ना गं?" फाटकापर्यंत येत त्याने विचारलं.

"कळायला चार वर्षं लागली?"

"या वर्षी?"

"बघू. पंधराला पहाटे झोपडीवर भेट. तवा घेऊन येते. ग्रीसने बरबटलाय, आधी घासून घे, आणि पॅनकेक तू करायचेस."