सहा शिक्क्यांची चिठ्ठी

गंगाखेडच्या बाजारगल्लीत, जिथून रस्ता गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटाकडं उतरतो, तिथं ईश्वरअप्पांचं औषधाचं दुकान होतं. अप्पांनी परभणीला एका डॉक्टरांच्या हाताखाली अठरा वर्षं कंपौंडरकी केली आणि मग गावी येऊन हे दुकान मांडलं. पुढं मुलगा चालवील असं त्यांना वाटलं होतं. पण मन्मथअप्पाचं सगळं चित्त शेतात. दुकानात पाऊल टाकलं की औषधांच्या वासानं त्याला शिंका सुटायच्या. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा खल, ताजवा आणि मापाचे काचेचे पेले आपसूक सुनेच्या हाती आले.

सून म्हणजे सिद्धम्मा. तिला मराठी वाचता येत होतं तेवढंच. अप्पांनी तिला ताटलीत राख पसरून इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली. एकेका औषधाचा वास, रंग, चव, आणि कशाला काय चालत नाही, हे ते तिच्याकडून घोकून घ्यायचे. चार वर्षांत ती अशी तयार झाली की डॉक्टरांनी कोंबडीच्या पायानं लिहिल्यासारखी चिठ्ठी दिली तरी ती बिनचूक वाचायची. बाटली भरली की तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचूनच बाटली गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. पुड्या बांधायची दुकानाची लाकडी फळी ती रोज सकाळी सोड्याच्या पाण्यानं पुसायची. "तुमच्या फळीवर भाकर ठिवून खावं," असं बायका म्हणायच्या, तेव्हा ती वरवर हसून सोडून द्यायची. पण ते तिला फार आवडायचं.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पन्नास साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीसचा उन्हाळा. वैशाखातली सकाळ. परभणीहून येणारी गाडी नुकतीच आली होती. सिद्धम्मा फळीवर कागदाचे चौकोन मांडून पायरीवर थांबलेल्या कडूबाईच्या नातवासाठी तापाच्या पुड्या बांधत होती. इतक्यात दुकानासमोर टांगा थांबला. जरीकाठी फेटा बांधलेला एक धिप्पाड माणूस उतरला. त्याच्यामागून आलेल्या हमालानं डोक्यावरची वळकटी धाडकन फळीवर, त्या पुड्यांवरच टाकली.

"दुकानात कुणी माणूस हाय का न्हाई?" फेटेवाला म्हणाला.

"मी हाय की. काय पायजे?"

त्यानं तिला खालवर न्याहाळलं. "मी वालूरचा चंद्रभान. सरकीचे व्यापारी म्हणून सेलूत कुणालाबी इचार. ही चिठ्ठी घे, दोन बाटल्या भर. अन् जल्दी कर."

सिद्धम्मानं चिठ्ठीसाठी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. वळकटीच्या दोरीखालून एक ढेकूण बाहेर आला होता. त्याच्यामागं दुसरा, मग पाच-सात. बघता बघता ते पांढऱ्या कागदांवरून चहूकडं धावू लागले.

"अगं बया, ढेकणं!" असं ओरडून कडूबाईनं पायरीवरून खाली उडीच घेतली.

सिद्धम्मानं बांधलेल्या आणि उघड्या सगळ्या पुड्या कागदासकट गोळा केल्या आणि मागच्या चुलीत टाकल्या. परत येऊन म्हणाली, "वळकटी खाली घ्या. बाहेर उन्हात ठिवा."

गल्लीतली चार माणसं थांबून बघत होती. चंद्रभानचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या घरात ढेकणं? माळवदाचं घर हाय आमचं! तुझ्या ह्या फळीतले हायत हे."

बाकी काहीही म्हणाला असता तरी तिनं ऐकून घेतलं असतं. फळीचं नाव काढल्यावर मात्र तिनं चिमट्यानं वळकटीची दोरी ओढून सोडली आणि गादीची शिवण उलटून दाखवली. शिवणीच्या कडेनं काळे ठिपके आणि पांढरी अंडी दाटीनं बसली होती. "ही अंडी माझ्या फळीनं एका घडीत घातली का, मालक?"

बघे हसले. चंद्रभाननं हमालावर डाफरून वळकटी रस्त्यापलीकडं ठेवायला लावली. चिठ्ठी मात्र त्यानं फळीवर आपटली. "भर बाटल्या. मला उशीर होयलाय."

सिद्धम्मानं चिठ्ठी वाचली. झोपेचं औषध होतं, ब्रोमाइडचं. चतुराबाई नावाच्या साठीतल्या बाईसाठी, रात्री एक डोस, आठ दिवस. खाली डॉक्टरांनी रेघ ओढून लिहिलं होतं की पुन्हा देऊ नये. तिनं चिठ्ठी उलटी केली. औषध दिलं की दुकानदार चिठ्ठीवर आपला शिक्का मारायचे. मागं सहा शिक्के होते, तीन निरनिराळ्या गावांचे.

"हे औषध आठच दिवसाचं हाय," ती म्हणाली. "सहा वेळा भरून झालंय. मी न्हाई भरणार."

"समद्यांनी दिलं, तुला काय झालं? आता एका डोसानं भागत न्हाई, दोन-दोन द्यावे लागायलेत."

"म्हणूनच न्हाई."

"बाईच्या जातीला दुकानात बसवलं की हे असं होतंय," तो आवाज चढवून म्हणाला. मग त्याला आत खाटेवर बसलेले ईश्वरअप्पा दिसले. "अप्पा, तुमी तरी सांगा सुनेला! आईला गंगेकाठी आणलीय. तिचं डोकं फिरलंय. जे व्हायचं ते इथं होऊ द्या म्हणलं, पण तवर निजू तर द्या तिला!"

अप्पांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली. "सिद्धम्मा, शिक्के किती म्हणलीस?"

"सहा, मामा."

"मग मला काय इचारायलाव, मालक? दुकान तिचं हाय. तिनं न्हाई म्हणलं का न्हाई."

दुकान तिचं आहे असं अप्पा चारचौघांत पहिल्यांदाच बोलले होते. पण तेवढ्यावर सिद्धम्माचं समाधान होईना. ती पायरी उतरून टांग्यापाशी गेली.

टांग्यात म्हातारी चतुराबाई मान टाकून बसली होती. कपाळावर, गालांवर पुळ्या उठलेल्या. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेला लाळ. सिद्धम्मानं तिचा हात हाती घेऊन बाही वर केली. मनगटापासून दंडापर्यंत लाल गांधी होत्या, तीन-तीन, चार-चार एका ओळीत. जुन्या खपल्यांवर नव्या गांधी.

"हिला झोप कशानं येत न्हाई, कुणी इचारलं का?"

"इचारायचं काय? म्हणती, चावायलेत," चंद्रभान म्हणाला. "होळीपासून तेच. कंदील घेऊन चार वेळा बघितलं, काय न्हाई. भगताला बी आणला."

"तुमी कुठं झोपता?"

"आमी समदे माळवदावर. हिला शिडी चढवत न्हाई, म्हणून ही खाली माजघरात, तिच्या जुन्या बाजेवर."

"अन् कंदील नेल्यावर ढेकूण थांबंल व्हय, तुमाला भेटायला?"

सिद्धम्मा म्हातारीच्या कानाशी वाकली. "आजी, काय चावायलंय?"

म्हातारीची जीभ जड झाली होती. शब्द ओढत ओढत ती म्हणाली, "ढे... कूण. कुणी ऐकत न्हाई, माय. मला येडी म्हणत्यात."

"तुमी येड्या न्हाईत. मी बघितलेत ढेकूण. आत्ता, ह्या डोळ्यांनी."

म्हातारीनं डोळे उघडले. मग तिनं सिद्धम्माचा हात असा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. चंद्रभान म्हणाला, "चला, दुसऱ्या दुकानी बघतो." पण म्हातारी हात सोडेना. "मी... हितंच राहती. हिच्यापाशी." भर बाजारात आईला ओढून नेणं त्याला शक्य नव्हतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "काय बरंवाईट झालं तर जिम्मेदारी तुझी."

"माझी," सिद्धम्मा म्हणाली.

दुपारी मन्मथअप्पा शेतातून आला तर अंगणात चुलवण पेटलेलं होतं. गादीचा कापूस काढून उन्हात पसरला होता, आणि खोळ, वाकळ, म्हातारीचं लुगडं उकळत्या पाण्यात बुडवलं होतं. त्यानं काही विचारलं नाही. आणखी दोन घागरी भरून आणल्या. मागच्या खोलीत नवी चटई अंथरली. ब्रोमाइड कसं उतरवायचं ते अप्पांनी सांगितलं. "मिठासारखं असतंय ते, अंगात साचून बसतंय. तोंडावरच्या पुळ्या बी त्याच्याच. मीठ-पाणी पाजत राहा, ताक दे मीठ घालून. हळूहळू निघून जाईल."

पण ते सहज निघालं नाही. तीन दिवस म्हातारी रडली, ओरडली, तांब्या फेकला. औषधाची सवय लागलेलं शरीर औषध मागत होतं. चौथ्या दिवशी घाटावरच्या धर्मशाळेत उतरलेला चंद्रभान येऊन दारातून ओरडून गेला, "बघ, झोपली का? मारशील तू तिला!" त्या संध्याकाळी सिद्धम्माचा धीर सुटला. ती अप्पांपाशी जाऊन बसली.

"मामा, माझं चुकलं तर?"

"तिची नाडी बघितलीस?"

"बघितली. ठीक हाय."

"जीभ?"

"सकाळपेक्षा मोकळी वाटती."

"मग चुकलं कुठं, ते मला सांग."

उठून तिनं ताकात मीठ घातलं आणि भांडं घेऊन आत गेली.

सहाव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर म्हातारी चटईवर आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली, कुठल्याही औषधाशिवाय. दहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली. बाराव्या दिवशी ती दुकानात येऊन कडूबाईशेजारी बसली आणि पुड्यांचे कागद कापायला लागली. बोलणं स्वच्छ, नजर तरतरीत. बोलता बोलता कळलं की नवरा गेल्यावर वीस वर्षं वालूरची शेती तिनं एकटीनं पाहिली होती, सालगड्यांपासून पाटलापर्यंत सगळे तिला वचकून असायचे.

चंद्रभान आला तेव्हा ती फळीच्या आतल्या बाजूला बसलेली होती.

"चंद्या," ती म्हणाली, "होळीपासून मी सांगायली व्हती ना, ढेकूण हायत म्हणून?"

"व्हय, आई."

"अन् तू भगत आणलास."

वालूरच्या एवढ्या मोठ्या धन्यानं मान खाली घातली. बाजारगल्ली बघत होती, पण या वेळी कुणी हसलं नाही. मग तो सिद्धम्माकडं वळला. माफी मागायची सवय त्याला नव्हती. शेवटी म्हणाला, "सिद्धम्माबाई, घरी गेल्यावर काय काय करायचं, तेवढं सांगा. मी लिहून घेतो."

तिनं सांगितलं. बाजेच्या सुतळ्या काढून जाळायच्या. चौकटीच्या सांध्यांत उकळतं पाणी, मग रॉकेल. भिंतीच्या भेगा चुन्यानं बुजवायच्या. गोधड्या आठ दिवस उन्हात. चंद्रभान जमिनीवर मांडी घालून, फेटा मांडीवर ठेवून एकेक ओळ लिहीत होता. मधेच त्यानं विचारलं, "अन् ती चिठ्ठी?"

"ती मी ठिवून घेतली. तिच्यावर सातवा शिक्का पडायचा न्हाई."

जाताना चतुराबाई ईश्वरअप्पांसमोर थांबली. "अप्पा, लेक असती तर तिनं बी इतकं केलं नसतं. नशिबाची सून मिळाली तुमाला."

"नशिबाची कशाची," अप्पा म्हणाले. त्यांचे पांढुरके डोळे आवाजाच्या दिशेला लागले होते. "राखेत बोट घालून शिकलीय ती."

टांगा स्टेशनाकडं वळला. महिनाभरानं सेलूकडची एक बाई कडेवर पोर आणि हातात बाटली घेऊन गल्लीत विचारत आली, "ते दवाचं दुकान कुठं हाय? बाईचं?" हलवायानं पुढं बोट दाखवलं. सिद्धम्मानं आतून ते ऐकलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या, वर या. चिठ्ठी आणलीत का?"