एक ठेवा, एक न्या

शिट्टीने माइकवर टिचकी मारली आणि समोरचा रॅक कपड्यांनी गच्च भरल्याच्या थाटात ओरडली,

“जे तुमच्या घरी नुसतं टांगून ठेवलंय, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर शोभेल! एक ठेवा, एक न्या! पैसे नाहीत, पावती नाही, लाजायचं तर मुळीच नाही!”

रॅकवर हँगर होते. नुसते हँगर.

शॉपिंग सेंटरच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या अगदी पुढ्यात ही जागा मिळाली होती. पिशव्या घेऊन माणसं आलीही होती, पण सगळी खांबाआड, दुकानांच्या काचांपाशी रेंगाळत होती. बाईंनी प्रश्न विचारल्यावर वर्गात कसं होतं, उत्तर अर्ध्या जणांना येत असतं पण पहिला हात वर करायला कुणी धजत नाही, अगदी तसं.

सेंटरच्या मॅनेजर मॅडम टाचा वाजवत आल्या.

“काय गं, हेच का तुझं लोकसहभागातून पर्यावरण? दुपारपर्यंत हे असंच राहिलं, तर ही जागा मी मोबाइल कव्हरवाल्याला देणार. शाळेत भाषण ठोकणं वेगळं असतं, बाळा.”

भाषण खरंच ठोकलं होतं तिने. एक शर्ट बनायला किती पाणी लागतं, न वापरलेला कपडा म्हणजे कपाटात कोंडलेलं शेत, वगैरे. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला सुद्धा पुटपुटणाऱ्या मुलीने अख्खी शाळा गप्प केली होती, आणि मग इथे येऊन मॅडमकडून हा कोपरा मागून घेतला होता. घरचं नाव ‘शिट्टी’ आता कुठे तिला शोभायला लागलं होतं.

“दहा मिनिटं द्या मॅडम,” ती म्हणाली, आणि माइक मैत्रिणीच्या हातात कोंबला. या मैत्रिणीला वर्गात सगळे गोगलगाय म्हणत.

“अगं, मी काय बोलू? आणि तू कुठे चाललीस?”

“घरी. रिकाम्या रॅकवर कोण कपडा ठेवेल? पहिले कपडे आपलेच हवेत.”

घर सेंटरच्या मागच्याच गल्लीत होतं. आई कामावर गेलेली. शिट्टीने कपाट उघडून आपले तोकडे झालेले फ्रॉक ओढले, आईने केव्हाच बाद केलेले दोन ड्रेस घेतले, एक बेडशीट घेतली आणि लगेच परत ठेवली. एवढ्याने एक कोपरासुद्धा भरला नसता. ती वळली, आणि दारामागच्या खुंटीवरचं निळं जॅकेट तिला दिसलं.

दिसलं म्हणजे, ते रोजच तिथे होतं. दादा घर सोडून गेला तेव्हापासून. जेवता जेवता बाबांचा आणि त्याचा वाद झाला, “एवढंच असेल तर जा” असं बाबा म्हणाले, आणि तो पायात चपला सरकवून खरंच गेला. जॅकेट घ्यायलाही मागे वळला नाही. तेव्हापासून दादाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. जॅकेटही कुणी काढत नव्हतं. केर काढताना आई त्याची बाही नुसती बाजूला धरायची आणि पुन्हा होती तशी सोडायची. बाबा आपला गणवेश शेजारच्या खुंटीवर टांगायचे. जॅकेटवर कधीच नाही.

शिट्टीचा हात क्षणभर थांबला होता. हे तिला नंतर नीट आठवलं. विसरून, घाईगडबडीत, चुकून असं काही झालं नव्हतं. हात थांबला होता, आणि मग तिने स्वतःलाच स्वतःचं वाक्य ऐकवलं होतं: नुसतं टांगून ठेवलंय.

तिने ते काढलं.

जॅकेट सगळ्यांत पुढे टांगल्याबरोबर रॅकला एकदम ऐट आली. एक काकू खांबाआडून पुढे सरसावल्या, त्यांच्यामागून दोन कॉलेजच्या मुली, मग एक आजोबा हातात शर्ट घेऊन, “याची कॉलर कडक आहे हं, खूप दिवस टिकेल,” असं विकायला आल्यासारखं सांगत. बघता बघता झुंबड उडाली. गोगलगायीला हँगर पुरवता पुरवता घाम फुटला.

“शिट्टे, तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतेयस तू,” मागून आवाज आला. “माइक कशाला हवा तुला? फुकट वीज जाळायची. हे कसलं पर्यावरण!”

बाबा. सेंटरचे सरकते जिने आणि लिफ्ट त्यांच्या ताब्यात होत्या. सकाळपासून ते वर एका अडलेल्या लिफ्टमध्ये डोकं घालून होते, आता हात पुसत खाली आले होते. शिट्टीने झटकन रॅककडे पाहिलं. पुढचा हँगर रिकामा होता. जॅकेट गेलं होतं. तिच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्या सुटकेचीच तिला लाज वाटली.

“फलक तिरका झालाय तुमचा,” बाबा म्हणाले आणि दोरी सोडून पुन्हा बांधायला लागले. बांधता बांधता त्यांची मान वर गेली.

वर जाणाऱ्या जिन्यावर, गर्दीच्या पार पुढे, एक उंच, किडकिडीत पाठ होती. निळं जॅकेट. कोपराला आईने पांढऱ्या दोऱ्याने मारलेलं ठिगळ.

दोरी बाबांच्या हातातून सुटली.

“ढब्बू!”

दादा काडीसारखा, म्हणून घरात ढब्बू. भर सेंटरमध्ये ती हाक अशी काही घुमली की दोन-तीन माणसं हसली. पाठ वर वरच चालली होती. बाबा धावले. जिन्याच्या तोंडाशी माणसांची भिंत होती, आणि पाठ आता वरच्या टोकाला पोचणार होती. बाबांनी खाली वाकून लाल बटण दाबलं.

जिना हिसका देऊन थांबला. माणसं एकमेकांवर कलली, कुणाच्या तरी हातातलं आइस्क्रीम पायरीवर पडलं. शिट्टीची नजर त्या लाल बटणावर गेली. ती आणि दादा लहान असताना बाबांनी दोघांना त्या बटणापुढे उभं करून सांगितलं होतं, कुणाचा जीव अडकला असेल तरच याला हात लावायचा. नाहीतर कधीही नाही.

जिन्यावरच्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. त्या मुलानेही. गोल चेहरा, जेमतेम फुटलेली दाढी. कोणीतरी दुसराच.

बाबा आपल्याकडेच बघताहेत हे पाहून तो गोंधळला. जॅकेटवर हात ठेवून वरूनच म्हणाला, “काका, मी दोन शर्ट ठेवलेत तिथे. विचारा हवं तर.”

“नाही, नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी कठडा धरला होता. “घ्या तुम्ही. तुमचंच आहे.”

मॅडम धावत आल्या. “काय झालं? कोण अडकलं?”

“नाडी,” बाबा म्हणाले. “कुणाच्या तरी बुटाची नाडी अडकत होती.”

“अरे देवा! ए मुली, सांग पटकन माइकवर. लोक घाबरलेत.”

शिट्टीने माइक तोंडाशी धरला. जिन्यावर नाडीचे बूट कुणाच्याच पायात नव्हते. खाली एकाच माणसाच्या पायात होते.

“घाबरू नका,” ती पुटपुटली. “बुटाची नाडी... अडकत होती. म्हणून जिना थांबवला. सगळं ठीक आहे.”

“माइक बंद पडला का गं?” गोगलगायीने विचारलं.

“चालू आहे.”

बाबांनी लोकांना उतरवलं, सांडलेलं आइस्क्रीम पुसलं आणि गुडघ्यांवर बसून पायऱ्या तपासायला घेतल्या. एकेका पायरीवरून त्यांचा हात सावकाश फिरत होता. नाडीसाठी एवढं तपासावं लागत नाही, हे तिला माहीत होतं. पाठमोरे ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले, मग किल्ली फिरवली, आणि जिना पुन्हा वर जायला लागला.

संध्याकाळी रॅकवर हँगर सरकवायला जागा नव्हती. मॅडमनी दोघींच्या पाठीवर थाप मारली. “दर महिन्याला हा कोपरा तुमचा. पक्कं!” गोगलगायीने जागच्या जागी उडी मारली. शिट्टी थँक्यू म्हणाली आणि उरलेले कपडे पिशव्यांत भरत राहिली.

मागच्या दारापाशी बाबा थांबले होते. त्यांनी दोन्ही पिशव्या घेतल्या. गल्लीच्या वळणापर्यंत शिट्टीने मनातल्या मनात चार वेळा सुरुवात केली. पाचव्यांदा आवाज फुटला.

“बाबा, ते जॅकेट मीच—”

“त्याची चेन अर्ध्यावर अडकते. सांगितलंस का त्या मुलाला?”

“नाही.”

“खालून धरून ओढावी लागते. जोर केला की तुटेल.” थोडं चालून ते म्हणाले, “सांगायला हवं होतं.”

“चुकलं माझं, बाबा.”

बाबांनी पिशव्यांचे हात बदलले. “तुझं काय चुकलं? टांगूनच तर होतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरात आई आधीच आलेली होती. दारामागच्या रिकाम्या खुंटीवर तिची नजर खिळली होती. बाबांनी गणवेशाचा शर्ट शेजारच्या खुंटीवर टांगला, खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. एक सोडली. दुसरीपाशी हात थांबले.

“शिट्टे.”

“हं?”

“तू बोलतेस ना त्याच्याशी?”

तिने आईकडे पाहिलं. आईने डोळे झुकवले.

“मी... कधीतरीच. गच्चीवरून.”

“गच्चीवरून बोललीस तरी सगळं खाली ऐकू येतं,” बाबा नाडीकडे बघतच म्हणाले. “तुझा आवाज आहे तो. परवा विचारत होतीस, थंडी पडली का तिकडे म्हणून. तो काय म्हणाला, ते मात्र ऐकू आलं नाही.”

त्यांनी नाडीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“विचार त्याला. दुसरं काही आहे का अंगावर घालायला.”

शिट्टीने फोन उचलला आणि सवयीने गच्चीच्या जिन्याकडे निघाली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि परत येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. नंबर लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली.

खुर्चीत वाकलेल्या बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि सोडलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली.