जाहिदाबाजीकडची भाकरी

औशाहून पहाटे निघालेले सटवाजीआबा साडेअकराला नांदेडात लेकीच्या दारी पोचले, आणि खुर्चीच्या कडेवर असे टेकले की जणू आत्ताच उठायचंय. पाण्याचा तांब्या त्यांनी हातानंच बाजूला सारला. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. अयोध्येच्या लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. म्हणून दर वर्षी आबा यायचे, खुशाली विचारायचे आणि उपाशीपोटी परतीची बस धरायचे. ते गेले की अयोध्येला दिवसभर घास उतरायचा नाही.

यंदा मात्र रिवाजाच्या आड साखर आली. आबांना डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि आजची त्यांनी एसटीतच गिळली होती. तासाभरात जेवण पाहिजे. तेव्हा त्यांनीच तोड काढली, की बाहेर हॉटेलात बसून दोघं जेवू, तिथं कसला आलाय रिवाज. फक्त महागाचं नको आणि तेलकट नको.

बाप समोर बसून जेवणार, या विचारानं अयोध्येला भरून आलं, आणि पुढच्याच क्षणी धास्तीही वाटली. कारण घराजवळच्या इतवाऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत स्वस्त आणि घरच्यासारखं जेवण मिळायची जागा एकच, जाहिदाबाजीची, म्हणजे जाहिदाताईंची, खानावळ. तिथं रोज सकाळी सहाला जाऊन साठ भाकरी थापणारी बाई म्हणजे खुद्द अयोध्या. औशात आबा पारावर छाती काढून सांगायचे, लेक हापिसात हाय. तसं होतंही, पण ज्या शिकवणी क्लासच्या ऑफिसात ती होती, ते गेल्या दिवाळीत बंद पडलं. वैजनाथला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सगळं ठाऊक होतं. माहेरी सांगायची मात्र तिची जीभ रेटेना.

मग सुरू झाली वणवण. चौकातल्या थंडगार हॉटेलात आबांनी दाराशीच फळ्यावरचे भाव वाचले आणि आत पाऊल न टाकताच मागं फिरले. पुढच्या गल्लीत पुऱ्या तळत होत्या. तेलाचा वास नाकात गेला तसं त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या ठिकाणी बाकावर चार माणसं जेवत होती आणि आठ त्यांच्या डोक्यावर उभी होती. अयोध्येनं गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं नाव काढलं. आबा म्हणाले, देवाच्या दारचं कधीही खाईन, पण आज पंगतीत नाही, तुझ्यासंगं निवांत बसून दोन शब्द बोलायचेत. खुळ्या अयोध्येला वाटलं, अजून दोन गल्ल्या फिरवलं की बाप आपोआप दुसरीकडं बसेल.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पानवाल्यानं आबांना आपणहून सांगितलं, जेवायचं असेल तर जाहिदाबाजीकडं जा. रिक्षावाला जिलानी रिक्षा थांबवून तेच म्हणाला, वर बाबांना फुकट सोडायलाही तयार झाला. अयोध्येनं दोघांना हसून टाळलं. तिथं गर्दी असते, असं ती आबांना म्हणाली. खोटं एकदा बोललं की त्याला रोज चारा घालावा लागतो.

एका वखारीच्या पायरीशी आबा एकाएकी थांबले. कपाळाला दरदरून घाम फुटला होता. अयोध्येनं हात धरला तर तो गार पडला होता. तिला स्वतःचा असा राग आला की गल्लीत उभं राहून थोबाडीत मारून घ्यावी. गेलं ते ऑफिस खड्ड्यात. खानावळ वीस पावलांवर होती. तिनं आबांना खांद्यावर घेतल्यासारखं धरून तिथं नेलं.

साखर उतरलीय हे जाहिदाबाजीनं एका नजरेत ओळखलं आणि काही न विचारता आधी गुळाचा खडा आबांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळानं त्यांची नजर ठिकाणावर आली. बाजी अयोध्येशी बोलणार तोच तिनं मान हलवून गप्प राहायची खूण केली. बाजी आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली. पातळ बेसन, कांदा, ज्वारीची भाकरी.

भाकरी बघितली आणि अयोध्येची नजर तिच्या कडेवर गेली. तव्यावर टाकण्याआधी कडेला अंगठा टेकवायचा, ही तिच्या आईची, सरस्वतीबाईंची सवय. लेकीनंही ती उचलली होती, आणि आज सकाळी साठच्या साठ भाकऱ्यांवर अंगठे उमटले होते.

आबांनी घास मोडला, बेसनात बुडवला आणि हात तिथंच थांबला. त्यांनी भाकरी उचलून उजेडात धरली. कडेच्या खळग्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला.

"ही तुझ्या आईची भाकरी हाय," ते म्हणाले.

अयोध्येनं सगळं सांगून टाकलं, बंद पडलेलं ऑफिस, सकाळचे सहा, साठ भाकरी. शेवटी तिनं त्यांच्या ताटाला हात घातला.

"फसवायचं नव्हतं आबा. ठेवा खाली. माझ्या हातची हाय, तुमचा रिवाज मोडंल."

आबांनी घास हातातच धरला. या माणसानं एवढ्या वर्षांत लेकीच्या दारचं पाणी चाखलं नव्हतं, आणि आता उपाशी उठला तर काय होईल, या धास्तीनं अयोध्येनं डोळे मिटून घेतले.

"पीठ कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"जाहिदाबाजीचं."

"चूल?"

"त्यांचीच."

"मग यात तुझ्या सासरचं काय आलं?" आबा म्हणाले. "हात तर आमच्या घरचे हायेत."

आणि त्यांनी घास तोंडात घातला. चावता चावताच ताट पुढं सरकवलं. अयोध्या उठली, आत गेली आणि दुसरी भाकरी स्वतः आणून वाढली.