माहीनला न विचारता

फरिदा अलिबागजवळच्या बेघर बायकांसाठीच्या एका संस्थेत स्वयंपाक करते. तिथल्या क्रांतीताईंनी तिला विचारलं, "कॉलेजातल्या मुलांना सांगशील का, बेघर राहणं म्हणजे काय असतं ते? पुस्तकातून कळत नाही." आधी ती नाहीच म्हणाली. मग गेली.

कॉलेजच्या सभागृहात ती माइकसमोर उभी राहिली. अकरा वर्षांपूर्वी तलाक झाला, चौलचं सासर सुटलं, माहेरी भावजयीने चार दिवसांत तोंड फिरवलं आणि आठ वर्षांच्या माहीनला घेऊन ती सात महिने रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर राहिली. आंघोळ कुठे करायची, कपड्यांची पिशवी कोणाच्या भरवशावर ठेवायची, सगळं सांगितलं. पण मागच्या बाकांवर मुलं मोबाइल बघत होती. तेव्हा तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"माझी मुलगी शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर एका बंगल्याच्या गेटपर्यंत जायची. 'हे आमचं घर' म्हणायची. त्या दिसेनाशा झाल्या की परत स्टँडवर यायची. मी एकदा लांबून बघितलं."

मागच्या बाकांवरचे मोबाइल खाली गेले. नंतर दोन मुली डोळे पुसत येऊन भेटल्या. आज काहीतरी चांगलं घडलं, असं फरिदाला वाटलं.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. पुढच्या रविवारी माहीन न कळवता पनवेलहून आली. ती तिकडे नर्सिंगला होती. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नाही.

"माझ्या रूममधल्या हेतलने तो व्हिडिओ आख्ख्या हॉस्टेलला दाखवला. माझं तोंड बघून सगळ्यांना कळलं, ती मुलगी मीच."

"मी तुझं नाव न्हाय घेतलं गं."

"तुला माहीत होतं, अम्मी? गेटचं?"

फरिदाने मान हलवली.

"मला वाटायचं, तुला कधीच कळलं नाही. मला जवळ घेऊन एकदा तरी बोलायचंस ना. दोनशे पोरांना सांगितलंस."

गेटपाशी बघितलं त्या दिवशी पोरीला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून आपण धावत तिच्याआधी स्टँडवर येऊन बसलो होतो, हे फरिदाला सांगायचं होतं.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

माहीनने चहा घेतला आणि तीनची एसटी पकडली.

त्यानंतर पालीजवळच्या एका शाळेत फरिदा बोलली, तेव्हा मुलीचं नावही काढलं नाही. शेवटी नववीतल्या रुचिकाने हात वर केला. "तुमच्यासोबत कोणी होतं का?"

"माझी मुलगी होती."

"तिला काय वाटायचं?"

"मी तिला कधी विचारलं नाही, बाळा."

परतताना गाडीत क्रांतीताई म्हणाल्या, "आज मुलं तितकी गुंगली नाहीत." फरिदा "हो" म्हणाली.

माहीन फोन करते. गोळ्या घेतल्यास का, विचारते. फरिदाने दोनदा गेटचा विषय काढला. दोन्ही वेळा माहीन म्हणाली, "जाऊ दे गं अम्मी, ड्युटी आहे," आणि फोन ठेवला.